पिंपाच्या बुचातली चिठ्ठी

1586 सालचा जानेवारी. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात चार्टली नावाची गढी, भोवती पाण्याचा खंदक. आत एक कैदी, स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी स्टुअर्ट. बर्टन गावाहून एक बिअरवाला गाडी घेऊन येतो, भरलेली पिंपं उतरवतो, रिकामी घेऊन जातो. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्या काळी तिकडे बिअर ही काही चैन नव्हती. पहारेकऱ्यांपासून दासींपर्यंत सगळ्यांचं ते रोजचं पेय होतं.

पण एका पिंपाचं बूच आतून पोकळ होतं. त्यात पाणी शिरणार नाही अशा पाकिटात गुंडाळलेली चिठ्ठी असायची. येताना मेरीसाठी, जाताना मेरीची. वर्षभर बाहेरच्या जगाशी एका अक्षराचा संबंध नसलेल्या मेरीला ही पिंपवाट म्हणजे देवाची कृपा वाटली. बिअरवाल्याला तिने भरपूर पैसे दिले.

तिला माहीत नव्हतं ते इतकंच, की बिअरवाल्याला दुसरीकडूनही पैसे मिळत होते. गढीचा मुख्य रखवालदार सर अमायस पॉलेट याला बुचाची सगळी खबर होती. हा मार्ग तयारच मुळी सरकारने केला होता. पॉलेट आपल्या पत्रांत या बिअरवाल्याचं नाव घेत नाही, त्याला ‘प्रामाणिक माणूस’ म्हणतो. पुढे या प्रामाणिक माणसाने बिअरचा भाव वाढवून मागितला. दोन्हीकडून लाच घेऊन वर मालाचा दर वाढवायचा! या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणा तोच वाटतो. तो फासावरही गेला नाही आणि इतिहासाच्या पुस्तकांत नावानिशीही आला नाही.

आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात. ते पुढच्या शतकातले. सोळाव्या शतकातल्या युरोपात हेरगिरीचा धंदा जसा चाले, त्यात वेषांतर आणि कट्यारी कमी, कागद फार. राजाला दूरच्या मुलखाची खबर, राजदूताला हुकूम, कटवाल्यांना होकार, हे सगळं पत्रानेच पोचायचं. पत्र घोड्याच्या वेगाने जायचं आणि वाटेत दहा हातांतून जायचं. म्हणून ज्याच्या ताब्यात पत्राची वाट, त्याच्या ताब्यात बरंच काही. चार्टलीची गोष्ट हे कळायला सगळ्यात सोपी आहे, म्हणून तीच धरून पुढे जाऊ.

आधी भांडण काय होतं ते थोडक्यात. इंग्लंडच्या गादीवर 1558 पासून एलिझाबेथ, पंथाने प्रोटेस्टंट. मेरी तिची नात्यातली, पंथाने कॅथलिक, आणि एलिझाबेथला मूल नसल्याने गादीची वारस. स्कॉटलंडमधल्या सरदारांनी हाकलल्यावर 1568 मध्ये ती इंग्लंडच्या आसऱ्याला आली आणि तिथेच नजरकैदेत अडकली. 1570 मध्ये पोपने एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. म्हणजे राणीविरुद्ध उठणं हे कॅथलिकांसाठी पाप उरलं नाही. 1584 मध्ये नेदरलँड्सचा प्रोटेस्टंट पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याला डेल्फ्टमध्ये त्याच्या राहत्या घरात गोळी घालून मारलं. लंडनमध्ये सगळ्यांच्या मनात एकच आलं, आता पुढचा नंबर आपल्या राणीचा.

या भीतीचा कारभार पाहायचा सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम, राणीचा मुख्य सचिव. 1572 मध्ये पॅरिसला इंग्लंडचा राजदूत असताना सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी सुरू झालेली प्रोटेस्टंटांची कत्तल त्याच्या डोळ्यांदेखत झाली होती. ते पाहिलेला माणूस पुढे प्रत्येक कॅथलिक पत्राकडे कसा बघत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पत्राला कुलूप कसं घालायचं

त्या काळी लिफाफे नव्हते. पत्राचा कागदच घड्या घालून पाकीट करायचा, वर लाख ओतून मोहोर. ज्याला जास्त काळजी, तो कागदालाच कुलूप घालायचा. मेरीचं शेवटचं पत्र याचा नमुना आहे. 8 फेब्रुवारी 1587 च्या पहाटे दोन वाजता, शिरच्छेदाच्या काही तास आधी, तिने आपला दीर, फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री, याला ते लिहिलं. कागदाच्या कडेची अरुंद पट्टी अर्धवट कापायची, पत्राची घडी घालायची, तिला चीर पाडायची आणि ती पट्टी सुईदोऱ्यासारखी त्या चिरेतून पुन्हापुन्हा ओवून घट्ट करायची. उघडायचं तर पट्टी तोडावीच लागते. म्हणजे कुणी मध्येच वाचलं तर ते लपत नाही. मरणाच्या दारात बसलेली बाई शांतपणे कागद ओवत बसते, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

यावर उपाय करणारेही होतेच. वॉल्सिंगहॅमकडे आर्थर ग्रेगरी नावाचा गृहस्थ होता. लाखेची मोहोर उठवून पुन्हा जशीच्या तशी बसवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

दुसरी युक्ती अदृश्य शाईची. लिंबाचा रस, दूध, हे आपल्यालाही शाळेतल्या प्रयोगांमुळे ठाऊक आहे. मेरी मात्र तुरटी सुचवायची. होय, न्हाव्याच्या दुकानातली तीच तुरटी. तिच्या पाण्याने पांढऱ्या कापडावर लिहायचं. वाळलं की काही दिसत नाही, भिजवलं की अक्षरं उठतात. ही युक्ती तिने पत्रातूनच आपल्या माणसांना कळवली, आणि पत्रं तर वॉल्सिंगहॅम वाचत होता. तेव्हा तुरटीचं गुपित गुपित राहिलं असेल असं समजायला नको.

आणि तिसरी, खरी भिस्त जिच्यावर, ती सांकेतिक लिपी.

लिपी कशी फुटते

मेरीने अँथनी बॅबिंग्टन या तरुणाशी ज्या लिपीत पत्रव्यवहार केला, तिची किल्ली आजही लंडनच्या सरकारी दफ्तरात आहे. इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांना एकेक चिन्ह: कुठे वर्तुळ, कुठे फुली, कुठे ग्रीक वाटणारं अक्षर. शिवाय तीसेक चिन्हं अख्ख्या शब्दांसाठी. त्यात राजा, पोप असले वजनदार शब्द असतील असं वाटतं, पण बहुतेक अगदी साधे आहेत: ‘आणि’, ‘पण’, ‘जर’, ‘पाठवा’, ‘पत्र’, ‘पत्र आणणारा’. चार चिन्हं मुद्दाम निरर्थक. मजकुरात मधूनमधून पेरायची, म्हणजे चोरून वाचणारा गोंधळेल. आणि एक चिन्ह ‘पुढचं अक्षर दोनदा’ असं सांगणारं.

दिसायला भक्कम. पण ही लिपी किल्लीशिवायही फुटते, आणि कशी फुटते ते मराठीतच करून पाहिलं तर लगेच कळतं. समजा मी मराठीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला एकेक चिन्ह दिलं आणि पानभर मजकूर लिहून तुमच्या हातात ठेवला. तुमच्या लक्षात येईल की बऱ्याच वाक्यांच्या शेवटी तोच एक चिन्हांचा पुंजका येतोय. तो बहुधा ‘आहे’. एक चिन्ह शब्दांच्या मध्ये आणि शेवटी सारखं भेटतं, सुरुवातीला मात्र कधीच नाही. ती एखादी मात्रा नसेल, तर ते ‘ळ’ नाहीतर ‘ण’ असणार, कारण त्यांनी सुरू होणारा मराठी शब्द शोधायला गेलात तर दमाल. ‘आहे’ सुटला की ‘आ’ आणि ‘ह’ हाती लागले. मग ‘आहेत’ कळतो, म्हणजे ‘त’ आला. ‘हात’ कळतो. शब्दकोडं सोडवताना एक आडवा शब्द लागला की चार उभे उघडतात, तसं.

यामागचं तत्त्व साधं आहे. अक्षरांचे कपडे बदलले तरी त्यांच्या सवयी बदलत नाहीत. कुठलं अक्षर किती वेळा येतं, कुणाच्या शेजारी बसतं, हे तसंच राहतं. हे सर्वप्रथम लिहून ठेवलं ते बगदादच्या अल्-किंदीने, नवव्या शतकात. युरोपात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला या कलेचा बादशहा होता व्हेनिसचा जोव्हान्नी सोरो. व्हेनिसच्या सरकारने त्याला 1506 पासून याच कामावर ठेवलं होतं, आणि पोपकडे न फुटणारी लिपी आली तर तीही सोरोकडे रवाना व्हायची. पुढे शतकाच्या शेवटी फ्रान्सिस व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने स्पेनची लिपी फोडली, तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोपकडे तक्रार केली की ही चेटूकविद्या आहे. त्याची स्वतःची माणसं इतरांच्या लिप्या फोडत होती, ते मात्र चेटूक नव्हतं!

वॉल्सिंगहॅमचा सोरो म्हणजे टॉमस फेलिप्स. लंडनच्या जकात खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन जाणणारा. मेरीने त्याला एकदा पाहिलं होतं आणि आपल्या माणसाला त्याचं वर्णन कळवलं होतं: ठेंगणा, सडपातळ, पिवळट दाढी, तोंडावर देवीचे व्रण, नजर अधू, वय तिशीच्या आसपास. वर्णन नेमकं आहे. हा माणूस आपली पत्रं वाचतो, एवढंच तिला उमगलं नव्हतं.

इथे एक गंमत सांगायला हवी. लिपी चांगली असली की पत्र सुरक्षित, असं आपण धरून चालतो. मेरीची 1578 ते 1584 मधली पन्नासहून जास्त पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात भलत्याच नावाखाली पडून होती. यादीत त्यांची नोंद इटालियन कागदपत्रं अशी होती. ती लिपी बॅबिंग्टनच्या लिपीपेक्षा कितीतरी अवघड. तीत एकाच अक्षराला अनेक चिन्हं आहेत, म्हणजे सवयींवरून माग काढणं मुश्कील. एक संगणकतज्ज्ञ, एक पियानोवादक आणि एक पेटंटतज्ज्ञ अशा तिघांनी ती संगणकाच्या मदतीने सोडवली आणि 2023 मध्ये जाहीर केली. बहुतेक पत्रं लंडनमधल्या फ्रेंच राजदूताला लिहिलेली निघाली. आता मजा बघा. यातल्या काही पत्रांचा साध्या भाषेतला मजकूर इंग्रजांच्या दफ्तरात आधीपासूनच होता. तो कसा? त्या राजदूताच्या घरातच एक फितूर बसला होता. पत्र किल्लीने उलगडून साध्या फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं की त्याची नक्कल वॉल्सिंगहॅमकडे जायची. जी लिपी फोडायला संगणक लागला, ती चुकवायला एक फुटका माणूस पुरला.

सापळा

आता चार्टलीकडे वळू. 1585 च्या डिसेंबरात गिल्बर्ट गिफर्ड नावाचा तरुण कॅथलिक फ्रान्सहून इंग्लंडच्या राय बंदरात उतरला आणि पकडला गेला. त्याच्याकडे मेरीच्या पॅरिसमधल्या माणसांनी दिलेली शिफारसपत्रं होती. त्याला वॉल्सिंगहॅमसमोर उभं केलं. बाहेर पडला तो त्याचा माणूस होऊन. गिफर्डचं घराणं स्टॅफर्डशरचं, म्हणजे चार्टलीच्या पंचक्रोशीतलं. फ्रेंच वकिलातीत मेरीच्या नावची पत्रं महिनोन्‌महिने तुंबली होती, कारण पोचवायला वाट नव्हती. गिफर्ड म्हणाला, वाट मी काढतो. त्यातून बिअरवाला आला आणि बूच आलं.

पत्राचा प्रवास असा: वकिलातीतून गिफर्ड, गिफर्डकडून वॉल्सिंगहॅम, फेलिप्स उलगडून नक्कल करणार, ग्रेगरी मोहोर बसवणार, मग पुन्हा गिफर्ड किंवा त्याचा माणूस, पॉलेट, बिअरवाला, बूच, मेरी. उत्तर उलट्या वाटेने. या वाटेवरचा एकही माणूस मेरीचा नव्हता.

हेही लक्षात घ्या की वॉल्सिंगहॅमला कट नुसता मोडायचा नव्हता. 1585 मध्ये संसदेने कायदा केला होता: राणीच्या जिवावर कट झाला आणि गादीवर हक्क सांगणारी व्यक्ती त्यात सामील असेल, तर तिच्यावर खटला चालवता येईल. सामील, म्हणजे तिचा स्वतःचा होकार हवा. एलिझाबेथ आपल्याच रक्ताच्या अभिषिक्त राणीला मारायला राजी नव्हती. तिला राजी करायचं तर मेरीच्या शब्दांतला कागद हवा होता.

तो कागद मिळवून दिला अँथनी बॅबिंग्टनने. डर्बीशरचा श्रीमंत कॅथलिक, वय पंचवीसच्या आत-बाहेर, देखणा, बोलघेवडा. लहानपणी त्याने मेरीच्या आधीच्या रखवालदाराच्या घरी नोकरी केली होती. जॉन बॅलर्ड नावाचा पाद्री सैनिकाच्या वेषात, ‘कॅप्टन फोर्टेस्क्यू’ हे नाव लावून हिंडत होता. त्याच्या नादाने बॅबिंग्टन कटात आला. कॅम्डेन हा तेव्हाचा इतिहासकार लिहितो की या मंडळींनी आपलं एकत्र चित्रही काढून घेतलं होतं. कट करायचा आणि आधी ग्रुप फोटो काढायचा! वॉल्सिंगहॅमसारख्याशी गाठ असताना अशी माणसं किती दिवस टिकणार?

6 जुलै 1586 चं बॅबिंग्टनचं पत्र मेरीला पोचलं. परदेशी फौज उतरेल, तुमची सुटका करू, आणि ‘सहा सभ्य गृहस्थ, सगळे माझे जिवलग मित्र’ गादी बळकावणारीचा निकाल लावतील, असं त्यात सरळ लिहिलं होतं. (इथल्या इंग्लंडमधल्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत. कॅथलिक देशांनी 1582 मध्ये नवं पंचांग घेतलं आणि ते दहा दिवस पुढे गेले. एकाच दिवशी लंडनहून आणि पॅरिसहून निघालेल्या पत्रांवर वेगवेगळ्या तारखा असायच्या. अभ्यासकांची डोकी आजही त्यात दुखतात.)

फेलिप्स त्या आठवड्यात खुद्द चार्टलीला जाऊन बसला होता. मेरी बग्गीतून बाहेर पडली तेव्हा तो वाटेत होता, आणि ती त्याच्याकडे पाहून हसली. हे त्याने 14 जुलैच्या पत्रात वॉल्सिंगहॅमला कळवलं आणि वर एक लॅटिन ओळ टाकली, तिचा भावार्थ असा: जो रामराम घालतो त्याच्यापासून वैऱ्यापासून राहावं तसं सावध राहा. हसणारी ती होती आणि घात करणारा हा. तरी सावधगिरीचा मंत्र यालाच सुचला.

17 जुलैला मेरीचं उत्तर निघालं. मेरीने मुद्दे सांगितले, तिचा सचिव नो याने ते फ्रेंचमध्ये बांधले, दुसरा सचिव कर्ल याने इंग्रजी करून लिपीत घातलं. राणीला मारा, असे शब्द तिने लिहिले नाहीत. पण सगळी तयारी झाली की मग त्या सहा गृहस्थांना कामाला लावायची वेळ, असं लिहिलं. तेवढं पुरेसं होतं. फेलिप्सने उलगडा करून नक्कल पाठवली आणि वर फाशीच्या खांबाचं चित्र काढलं.

इथे ही माणसं थांबली असती तर त्यांचं काम बिनडाग राहिलं असतं. पण फेलिप्सने मूळ पत्राला एक ताजा कलम जोडला. त्याच लिपीत, त्याच वळणाने. मेरीच्या तोंडी विचारणा अशी, की त्या सहा गृहस्थांची नावं आणि त्यांची माहिती कळली तर बरं होईल, म्हणजे मला पुढचा सल्ला देता येईल. या कलमाचा फेलिप्सचा मसुदा आजही दफ्तरात आहे. सहाही मासे एका गळाला लावायचा हा हव्यास. त्यातून मिळालं काय? काहीच नाही. पत्र 29 जुलैला बॅबिंग्टनच्या हाती पडलं, नावं त्याने कळवलीच नाहीत, पत्र जाळून टाकलं आणि 4 ऑगस्टला बॅलर्डला अटक झाल्यावर पळापळ सुरू झाली. उलट ‘यांनी पत्रात भर घातली’ एवढं खरं निघाल्यामुळे मेरीच्या बाजूचे लोक चारशे वर्षं विचारत आले, की आणखी कशात भर घातली नसेल कशावरून? पक्का पुरावा हातात असताना त्याला हात लावू नये, हे फेलिप्ससारख्या हुशार माणसालाही कळलं नाही.

बॅबिंग्टन पळाला तो एका जेवणाच्या टेबलावरून. वॉल्सिंगहॅमच्या माणसाबरोबर जेवत असताना आलेली चिठ्ठी त्याला चोरून दिसली. पैसे देतो म्हणून उठला आणि अंगरखा, तलवार खुर्चीवर टाकून पसार झाला, असं सांगतात. अक्रोडाच्या सालीच्या रसाने तोंड काळवंडून तो काही दिवस लपला, मग सापडला. त्याच्यासह चौदा जणांना सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत मारलं, पहिल्या दिवशीच्या सात जणांना हालहाल करून. मेरीचा खटला ऑक्टोबरात फॉदरिंगे किल्ल्यात चालला. तिथे मूळ पत्र दाखवता आलं नाही, नकलाच होत्या. माझ्या लिपीत कुणीही लिहू शकतो, असं ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, पण तिला वाचवायला पुरेसंही नव्हतं.

गिफर्डचं काय झालं? अटकांना सुरुवात व्हायच्या आधीच तो फ्रान्सला निसटला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या एका कुंटणखान्यात पकडला गेला आणि 1590 मध्ये तुरुंगात मेला. त्याच वर्षी वॉल्सिंगहॅमही गेला, डोक्यावर कर्ज ठेवून.

मेल्यानंतरची लढाई

8 फेब्रुवारी 1587 ला मेरीचा शिरच्छेद झाला. त्यानंतर लगेच किल्ल्यातल्या लोकांनी काय केलं पाहा: तिच्या रक्ताचा डाग पडलेली प्रत्येक वस्तू धुतली किंवा जाळली. कपडे, फळी, सगळं. कारण स्पष्ट होतं. रक्ताचा एक रुमाल बाहेर गेला तर तो हुतात्म्याची खूण म्हणून पुजला जाईल. चिठ्ठ्या अडवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं की चिंधीसुद्धा बोलते.

तरी बातमी थांबली नाही. त्या उन्हाळ्यात पॅरिसच्या सेंट सेव्हरिन चर्चच्या दफनभूमीत इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर होणाऱ्या अत्याचारांची मोठी चित्रं लावली. वाचता न येणारी माणसंही गर्दी करून बघत. उद्या आपल्याकडेही असंच होईल, असं पाद्री चित्रांपुढे उभं राहून सांगत. त्याच वर्षी अँटवर्पमध्ये रिचर्ड व्हर्स्टेगन या परागंदा इंग्रजाने अशाच चित्रांचं लॅटिन पुस्तक छापलं. हेरगिरीत माहिती चोरायची असते. आता उलटा व्यवहार सुरू झाला, माहिती जास्तीत जास्त डोक्यांत घुसवायची. छापखान्याला तेव्हा शंभरेक वर्षं उलटून गेली होती, आणि हे काम त्याला छान जमत होतं.

1588 मध्ये स्पेनने इंग्लंडवर आरमार पाठवलं. त्याची खबर काढायला वॉल्सिंगहॅमने काय खटपट केली होती! फ्लॉरेन्सला ‘पॉम्पेओ पेलेग्रिनी’ या नावाने राहणाऱ्या अँथनी स्टँडन या इंग्रजाने एका फ्लेमिश माणसाला लिस्बनला धाडलं, कारण त्याचा भाऊ स्पेनच्या आरमारप्रमुखाच्या, म्हणजे सांता क्रूझच्या, घरी नोकर होता. तिथून गलबतांचा तपशील आला. आणि स्पेनने काय केलं? 1588 मध्ये लिस्बनला आरमाराची यादी स्वतःच छापली! 130 गलबतं, त्यांच्या तोफा, माणसं, दारूगोळा, सगळं. शत्रूने नुसतं वाचूनच हातपाय गाळावेत हा हेतू. ती यादी लंडनलाही पोचली, आणि राणीचा वयस्क मंत्री लॉर्ड बर्ली याच्या टेबलावर गेली. जे चोरायला माणसं पेरली, ते बाजारात विकत मिळायला लागलं.

आरमाराची वाताहत झाली, पण बातमी वाताहतीपेक्षा हळू चालते. पॅरिसमध्ये स्पेनचा राजदूत मेंदोसा विजयाच्या बातम्या पसरवत होता. इंग्लंडचा खलाशी ड्रेक पकडला गेला असंही छापून आलं. लंडनने त्याला उत्तर म्हणून एक पत्रिका काढली: डाव्या बाजूला स्पेनची थाप, उजव्या बाजूला तिचं खंडन. आजच्या फॅक्ट-चेकवाल्यांचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पण या सगळ्यावर कडी केली ती बर्लीने. एक पत्र छापून आलं, मेंदोसाच्या नावे, इंग्लंडमधल्या कुणा कॅथलिक पाद्रीने लिहिलेलं. त्यात हा पाद्री हताश होऊन कळवतो की इथले कॅथलिकसुद्धा राणीच्या बाजूने उभे राहिले, प्रजा एकजूट आहे, आपली सगळी गणितं चुकली. हे पत्र रिचर्ड ली या पाद्रीच्या खोलीत सापडलं, असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. ली नुकताच लंडनजवळच्या टायबर्नला फासावर गेलेला, म्हणजे ‘मी नाही लिहिलं’ म्हणायलाही उरलेला नव्हता. पत्राचे मसुदे बर्लीच्या हस्ताक्षरात आहेत. दोन वर्षांपूर्वी मेरीच्या पत्राला चार ओळी जोडल्या होत्या. आता अख्खं पत्रच तयार झालं, आणि तेही इतर भाषांत छापलं गेलं.

गोव्याचा तुरुंग

या सगळ्याचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. 1580 मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या फिलिपकडे गेली, आणि त्याबरोबर गोवाही. 1583 च्या शेवटी गोव्याच्या तुरुंगात चार इंग्रज होते: जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चितारी जेम्स स्टोरी. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझला एका व्हेनिशियन व्यापाऱ्याने त्यांच्या चहाड्या केल्या होत्या. त्यांच्यावर आळ हेरगिरीचा. फिलिपच्या विरोधात पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉम अँतोनिओची ही माणसं आहेत, असा संशय होता. त्यांच्याकडे एलिझाबेथने अकबराच्या नावे दिलेलं पत्र होतं. तेव्हा निव्वळ व्यापारी म्हणून ते आले होते असं म्हणणंही जरा भाबडंच होईल.

त्यांच्या सुटकेसाठी धडपडला तो गोव्यातल्या साष्टीत राहणारा एक इंग्रज जेझुइट पाद्री, फादर थॉमस स्टीफन्स. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा आपला स्टीफन्स! कॅथलिक म्हणून ज्या इंग्लंडमध्ये त्याला जागा नव्हती, त्याच इंग्लंडच्या माणसांसाठी त्याने शब्द टाकला. जामीन मिळाला आणि एप्रिल 1584 मध्ये तिघे गोव्यातून पळाले. बेळगाव, विजापूर करत उत्तरेला अकबराच्या दरबाराकडे गेले. फिच 1591 मध्ये लंडनला परत पोचला, आणि पूर्वेच्या बाजारपेठांची माहिती त्याच्याबरोबर पोचली.

स्टीफन्सबरोबर या कामात आणखी एक जण होता, गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून असलेला विशीतला डच तरुण, यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन. त्याला ना लिपी लागली, ना बूच. पोर्तुगीज नाखवे जे जपून ठेवायचे ते कागद त्याच्या आसपासच असत: कुठल्या महिन्यात कुठला वारा, कुठल्या खाडीत किती पाणी, मलाक्क्याच्या पलीकडे कसं जायचं. तो निवांतपणे, सुवाच्य अक्षरात नकला करत गेला. वॉल्सिंगहॅमची माणसं बुचातून चिठ्ठ्या काढत होती त्याच वर्षांत हे चाललं होतं. मायदेशी गेल्यावर त्याने ते सगळं छापलं, मुख्य ग्रंथ 1596 मध्ये. त्याआधीच, 1595 मध्ये, कोर्नेलिस हाउटमनची चार डच गलबतं पूर्वेकडे निघाली, तेव्हा त्यांच्या हाती लिन्सखोटेनच्या नकलांतली वाट होती. या हाउटमनला ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी आधी लिस्बनला धाडलं होतं, तिथल्या मसाल्याच्या व्यापाराची गुपितं काढायला. तिथे तो पकडला जाऊन तुरुंगात पडला होता. त्याला जे लिस्बनमध्ये मिळालं नाही, ते आर्चबिशपच्या कारकुनाने गोव्यात बसून उतरवून ठेवलं होतं.